मोठी स्वप्नं नंतर बघू, आधी पोरांना ऑफर लेटर वाचायला शिकवा

आज लेकीच्या कॉलेजात पदवीप्रदान समारंभ होता. नाशिकच्या गंगापूर रोडवरचं कॉलेज. नाव घेत नाही, कारण जे सांगणार आहे ते एका कॉलेजापुरतं नाहीच. प्रमुख पाहुणे तासभर बोलले. मोठी स्वप्नं बघा, अपयशाला घाबरू नका, जग तुमची वाट बघतंय. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. राग तेव्हा नाही आला. राग आला नंतर, चहाच्या टेबलापाशी.

एक मुलगी मोबाइल घेऊन तिच्या मॅडमकडे आली. "मॅडम, पुण्याच्या कंपनीचं ऑफर लेटर आलंय. आज रात्रीपर्यंत सही करून पाठवायचंय. एकदा बघता का?" मॅडमनी मोबाइल हातातसुद्धा घेतला नाही. "अगं, एवढी चांगली कंपनी आहे, विचार कसला करतेस? करून टाक सही!" आणि त्या फोटोला गेल्या. मुलीचे वडील शेजारीच उभे होते. दिंडोरीकडचे, द्राक्षबाग असलेले. ते म्हणाले, "मॅडम म्हणतायत तर कर बाई."

मला राहवलं नाही. त्या पोरीला पायऱ्यांवर शेजारी बसवलं आणि पत्र उघडायला लावलं. सगळं इंग्रजीत, बारीक टाइपात. तिने पहिलं पान तेवढं वाचलं होतं, कारण पगाराचा आकडा तिथे होता. मागच्या एका पानावर काय होतं, ऐका. रुजू होताना सगळी मूळ प्रमाणपत्रं कंपनीकडे जमा करायची. दोन वर्षं सोडून जायचं नाही, गेलात तर दीड लाख भरा, म्हणजे बॉन्ड. मुलीला जायचं असेल तर तीन महिन्यांची नोटीस, कंपनीला काढायचं असेल तर पंधरा दिवसांची.

मूळ प्रमाणपत्रं हे शब्द वाचले आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण माझा भाचा.

माझ्या जवळच्या लोकांना ही गोष्ट माहीत आहे, पण आज सगळ्यांसाठी लिहिते. बहिणीचा मुलगा, मेकॅनिकल केलेला, नाकासमोर चालणारा पोरगा. पहिली नोकरी इथेच, औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत. पहिल्या दिवशी तिथल्या बाईंनी सांगितलं, "ओरिजिनल्स द्या, कंपनीचा नियम आहे." याने दहावीपासून डिग्रीपर्यंतची सगळी फाइल देऊन टाकली. शाळा सोडल्याचा दाखलासुद्धा. पोच मागितली नाही. मागायची असते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं! सोळा वर्षं शिक्षण घेतलेल्या मुलाला!

वर्षभराने एका सरकारी भरतीत त्याचं नाव लागलं. कागदपत्र पडताळणीची तारीख आली. हा कंपनीत कागद मागायला गेला तर उत्तर मिळालं, बॉन्डचे पैसे भर आणि घेऊन जा. घरात रडारड. तेवढ्यात कुणीतरी शहाणपणा शिकवला, कागद हरवले म्हणून प्रतिज्ञापत्र कर, डुप्लिकेट काढून मिळेल. त्यावर तो मला म्हणाला, "मावशी, पण हरवले नाहीयेत ना."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. असल्या सरळ पोरांना आपण जगात पाठवतो, आणि पाठवताना हातात काय देतो, तर मोठी स्वप्नं बघा!

आता कुणीतरी म्हणेल, कंपन्यांचीही बाजू असते, शिकवून तयार केलेली पोरं सहा महिन्यांत पळून जातात. असते बाजू, मान्य. बॉन्ड सरसकट बेकायदा नसतो हेही मान्य, एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बॉन्ड सुप्रीम कोर्टानेच २०२५ साली वैध धरला. पण पोराची दहावीची मार्कशीट ओलीस ठेवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? पैशाचा वाद असेल तर कोर्टात जा. कागद त्याचे आहेत.

मी पगारपत्रकं करते, सातपूरला एका कारखान्यात, आणि हेच काम आयुष्यभर करत आले. त्यामुळे दर जून-जुलैत नवीन पोरांचे चेहरे बघते. पहिला पगार जमा झाला की दुसऱ्या दिवशी एकजण तरी टेबलापाशी येतो. "मॅडम, माझा पगार कमी आलाय." कमी आलेला नसतो. ऑफर लेटरवर वर्षाला तीन लाख लिहिलेलं असतं आणि पोरगा महिन्याला पंचवीस हजार धरून बसलेला असतो. त्याच्या भरवशावर मोटरसायकलचा हप्ता ठरवलेला असतो. मग मी त्याला खुर्चीत बसवून दाखवते. समज बेसिक, म्हणजे मूळ पगार, पंधरा हजार आहे. कंपनी पीएफमध्ये, म्हणजे भविष्य निर्वाह निधीत, भरते ते अठराशे त्या तीन लाखांतच मोजलेत. ग्रॅच्युइटीचे, म्हणजे बरीच वर्षं काम करून नोकरी सोडताना मिळते त्या रकमेचे, सातशे-साडेसातशे तेही त्यातच. बोनस धरला असेल तर तोही. उरलेल्यातून तुझे स्वतःचे पीएफचे अठराशे कापले, व्यवसाय कराचे दोनशे गेले. (पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना तो २०२३ पासून माफ आहे, हे बायकांनाही माहीत नसतं.) हातात पडतात एकोणीस-वीस हजार. पोरगा गप्प होतो. कुणी फसवलेलं नसतं, पण त्याला फसल्यासारखं वाटतं आणि पहिल्याच महिन्यात कामातलं मन उडतं.

हे शिकवायला किती वेळ लागतो? अर्धा तास. मी रोज करते म्हणून सांगते.

आणि पीएफ! नोकरी सोडली की पोरं पहिलं काय करतात, तर पीएफ काढून मोबाइल घेतात. अरे, यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, जन्मभर एकच असतो, नवीन नोकरीत तो द्यायचा आणि जुने पैसे पुढे न्यायचे. पीएफसोबतच्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी भरावी लागते, मधेच सगळं काढून घेतलं तर मोजणी परत शून्यापासून. बावीस वर्षांच्या पोराला पेन्शनचं काय सांगायचं म्हणतात लोक. बावीसलाच सांगायचं असतं, पन्नाशीला सांगून काय करणार?

त्या द्राक्षवाल्या काकांचा विचार डोक्यातून जात नाहीये. आपल्याकडे द्राक्षाचा व्यापारी गोड बोलून माल उचलतो आणि पैसे बुडवून पळतो, हे निफाड-दिंडोरीत कुणाला नवीन आहे? त्या भागातल्या शेतकऱ्याला कागदाचं मोल कुणी समजावून सांगायला नको. हेच पत्र मराठीत असतं ना, तर काकांनी उभ्या उभ्या चार प्रश्न विचारले असते आणि कंपनीला घाम फोडला असता. पण इंग्रजी दिसलं की आपली शहाणी माणसं मान खाली घालतात आणि म्हणतात, मॅडम म्हणतायत तर कर. मला त्या काकांचा राग नाही आला, वाईट वाटलं. राग त्या मॅडमचा आला. त्यांना इंग्रजी येतं!

बरं, शिक्षकांवर कामाचा बोजा आहे, तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकांचे स्वतःचेच पगार वेळेवर होत नाहीत, हे मला माहीत आहे. तरीही मोबाइल हातात घ्यायला दोन मिनिटं लागतात.

भाच्याचं पुढे काय झालं ते राहिलं. मी आणि बहीण त्या ऑफिसात जाऊन बसलो. साहेब मीटिंगमध्ये आहेत, उद्या या, असं सुरू होतं. आम्ही उठलो नाही. संध्याकाळी शेवटी एकाने लोखंडी कपाट उघडलं. आत खालपासून वरपर्यंत प्लॅस्टिकच्या फायली रचलेल्या, प्रत्येकीवर पांढरी चिठ्ठी, पेनाने लिहिलेलं नाव. ही सगळी कुणाची तरी पोरं! बहिणीने ते कपाट बघितलं आणि तिथेच डोळ्याला पदर लावला. आमची फाइल मिळाली. पडताळणीची तारीख तोवर निघून गेली होती.

आता तो चाकणला आहे, बरं चाललंय. पण बँकेतसुद्धा मूळ कागद दाखवायची वेळ आली की फाइलवरचा हात काढत नाही.

घरच्यांनाही आज बोलणार आहे, राग आला तरी चालेल. मुलगा पदवीधर झाला की आपण सगळे एकच विचारतो, पुढे काय? लग्नात विचारतो, जिन्यात विचारतो. विचारणाऱ्यांपैकी एक तरी माणूस पोराच्या शेजारी बसून म्हणतो का, की चल, तुझं पत्र वाचू? पोरगी पुण्याला निघाली की आई डब्यात लाडू भरून देते आणि वडील एटीएम कार्ड स्वतःच्या खिशात ठेवतात. तिला तिथे खोली घ्यायची आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदणीकृत लागतो, डिपॉझिट बँकेतून द्यायचं म्हणजे पुरावा राहतो, हे तिला कोण सांगणार? दलाल सांगणार?

आणि काही जमलं नाही की आपल्याकडे ठरलेला सल्ला, अभ्यासिका लाव, परीक्षा दे. स्पर्धा परीक्षेला माझा विरोध नाही, माझ्या नात्यात दोन पोरं त्यातून मार्गी लागली आहेत. पण २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांना दहा लाखांवर अर्ज आले होते, खुल्या गटाला फी १,००० रुपये. पोराला अभ्यासिकेत बसवण्याआधी हा हिशोब त्याच्यासमोर मांडा. किती वर्षं द्यायची ते आधी ठरवा, आणि त्या वर्षांत दुसरं काय शिकायचं तेही. तिशीतली पोरं आईकडे खर्चायला पैसे मागताना मान वर करत नाहीत, ते बघवत नाही हो.

मी हे पोरांवर रागावून लिहीत नाहीये. पोरं चांगली आहेत. आपल्या वेळेपेक्षा किती तरी जास्त कळतं त्यांना. मी स्वतः बी.कॉम. केलं ते लग्नानंतर, नोकरी सांभाळून, आपल्या मुक्त विद्यापीठातून. १९८९ पासून ते आपल्या गावात आहे, गंगापूर धरणाच्या बाजूला, आणि अजूनही कितीतरी आयाबहिणी, कामगार तिथून शिकतात. तेव्हा डिग्री उशिरा झाली, एक वर्ष गेलं, पहिली नोकरी सुटली, म्हणून काही आयुष्य संपत नाही. कॅम्पसमध्ये नाव लागलं नाही म्हणून जी पोरं आज कोपऱ्यात उभी होती, त्यांना हे स्टेजवरून कुणीतरी सांगायला हवं होतं.

कॉलेजांकडे माझी एकच मागणी आहे. शेवटच्या वर्षाला एक दिवस द्या. मराठीतून. ऑफर लेटर, पगारपत्रक, पीएफ, भाडेकरार. वक्ता मोठा नको, कुठल्याही कारखान्यातला पगार करणारा माणूस बोलवा, चहावर येईल. पालकांनाही बसवा. दिंडोरीच्या काकांना पहिल्या रांगेत.

त्या मुलीने सही केली नाही. आम्ही तिथेच बसून कंपनीला मेल लिहिला. मूळ कागद पडताळणीला दाखवीन, जमा करणार नाही, साक्षांकित प्रती देईन. नोटीस दोन्हीकडून सारखी असावी. नम्रपणे लिहिलं, तिच्याच शब्दांत. पाठवताना तिचा अंगठा थरथरत होता. "मावशी, नोकरी गेली तर?" मी म्हटलं, जाऊ शकते, खोटं नाही सांगत. पण निदान पत्र वाचलेली मुलगी म्हणून पुढच्या ठिकाणी जाशील. काका काही बोलले नाहीत. त्यांनी मोबाइल घेतला, ते इंग्रजी पान बोटाने वरखाली केलं आणि मला म्हणाले, "ताई, हे दीड लाखाचं कुठे लिहिलंय ते दाखवा जरा."

अजून कंपनीचं उत्तर आलेलं नाही. आलं की खाली लिहीन.

तोवर एवढं करते. रविवारी सकाळी मी घरी असते, इंदिरानगरला. ज्यांच्या मुलामुलींची पत्रं आली आहेत त्यांनी घेऊन या. मोबाइलवर नको, छापून आणा, सगळी पानं, आणि सोबत पेन्सिल. आई-वडिलांपैकी एकाने यायचंच. पत्ता मेसेजमध्ये देते.