कुंभारणीचं मडकं

गंगापूर रोडवरच्या आमच्या टपरीवर मीटरच्या पेटीखाली सुपारीएवढं मातीचं मडकं दिसलं आणि चहावाल्या मामांनी झाडू उचलला. मी त्यांचा हात धरला. तिथून जी जुंपली ती दुसरा कटिंग संपेपर्यंत.

"गांधीलमाशी आहे, पाड ते," मंग्या चार पावलं मागे सरकून म्हणाला. लहानपणी मळ्यात त्याला गांधीलमाश्या चावल्या होत्या, तोंड सुजलं होतं. त्याची भीती खरी आहे, तिला कुणी हसू नये. पण ही कुंभारीण, मातीचं मडकं करून त्यात अंडं घालणारी माशी. गांधीलमाश्या पोळं करून एकत्र राहतात, पोळ्याला धक्का लागला की तुटून पडतात. कुंभारीण एकटी राहते, अंगावर धावून येत नाही. चिमटीत धरली तर मात्र डंख मारेल.

निफाडच्या दादानं शेतकऱ्याचा हिशेब मांडला. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतो, स्त्रीकेसर मागून. म्हणून डोंगळ्यांवर, म्हणजे कांद्याच्या फुलांच्या दांड्यांवर, मधमाश्या फिरल्या तरच बी नीट भरतं. "फुलोऱ्यात विषारी फवारा मारला की आपणच आपलं बी घालवतो."

"मधमाशी ठीक रे. झुरळाचं काय?" सीमानं विचारलं.

झुरळांच्या साडेचार हजारांच्या आसपास जाती आहेत, माणसाच्या वस्तीत राहणाऱ्या जेमतेम तीसेक, बाकीची बहुतेक रानात राहतात. मी हे सांगितलं, तिचं नाक मुरडलेलंच राहिलं. मला वाटतं, उपयोग मोजून दाखवल्यानं किळस जात नाही. माझ्या पुतणीनं दोन वर्षांची असताना अळी हौसेनं बोटावर घेतली होती. आम्ही मोठे "ई, टाक!" म्हणून ओरडलो. आता ती फुलपाखरालाही घाबरते, आणि ते आमच्यामुळे.

तेवढ्यात कुंभारीण आली. पायात हिरवी अळी. ती तिनं मडक्याच्या बारीक तोंडातून आत ढकलली. मामांच्या हातातला झाडू तसाच. मी सांगितलं, आत छताला दोऱ्यानं अंडं टांगलंय, ही पिल्लाची शिदोरी.

"अळ्या कुजत नाहीत?" मामा.

"जिवंत असतात मामा, डंखानं लुळ्या पडलेल्या."

मंग्या न बोलता पुढे आला. ती चिखलाची गोळी आणून तोंड लिंपत होती, जबड्यानं, हळूहळू, कडेकडेनं. लिंपून उडाली.

"पिल्लू बघायला परत येते का रे?" त्यानं विचारलं.

"नाही. दुसरं मडकं करायला जाते."

मामांनी झाडू कोपऱ्यात ठेवला.