शनिवारवाड्याची किंकाळी आणि पंचांग

शनिवारवाड्याबद्दलचा एक मजकूर वर्षानुवर्षं व्हॉट्सअॅपवर आणि रील्समध्ये फिरतो आहे. शब्द बदलतात, सांगाडा तोच राहतो. पौर्णिमेच्या मध्यरात्री नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हापासून दर पौर्णिमेला वाड्यातून ‘काका मला वाचवा’ अशी किंकाळी येते, भीतीपोटी पेशव्यांनी वाडा सोडला, शापानं तो जळाला आणि म्हणूनच सरकार संध्याकाळनंतर कुणाला आत सोडत नाही. एवढ्या विधानांत खरं फार थोडं आहे. एकेक घेऊ.

‘पौर्णिमेच्या मध्यरात्री खून झाला’

खून झाला ३० ऑगस्ट १७७३ रोजी, सोमवारी. तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. म्हणजे पौर्णिमा नाही आणि काही मजकुरांत असते ती अमावास्याही नाही. वेळ दुपारची, एकच्या सुमाराची. गारदी, म्हणजे पेशव्यांच्या पदरचे भाडोत्री शिपाई, थकलेल्या पगाराचं निमित्त करून दंगा करत आत घुसले. सुमेरसिंग, महंमद युसूफ आणि खरगसिंग हे त्यांचे पुढारी. नारायणराव अठरा वर्षांचे होते. थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला वारले, त्यामुळे नारायणरावांच्या पेशवाईला पुरतं वर्षही झालेलं नव्हतं. त्यांचे काका राघोबादादा त्याच वाड्यात नजरकैदेत होते.

दुपारच्या वेळेला महत्त्व आहे, कारण कट साधला तो वेळेमुळेच. काहीतरी शिजतंय याची कुणकुण नारायणरावांना त्या सकाळीच लागली होती आणि त्यांनी बंदोबस्ताचं सरदार हरिपंत फडक्यांना सांगितलंही होतं. हरिपंत दुपारी एका स्नेह्याकडे जेवायला गेले. जेवणं उरकून वाडा आडवा झालेला, पहारे सैल, आणि पगारासाठी गारद्यांनी आरडाओरडा करणं तेव्हा काही नवलाचं नव्हतं. हे सगळं मध्यरात्री नेऊन ठेवलं की कटाची हुशारी आणि कारभाऱ्यांची बेफिकिरी दोन्ही गोष्टीतून गळून पडतात. उरतो तो फक्त अंधार. रीलला तेवढा पुरतो म्हणा.

तिथीच पाळायची तर भुतानं वर्षातून एकदा, भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला, भर दुपारी ओरडायला हवं. ती तिथी येते अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी दगडूशेठ ते शनिवारवाडा या पट्ट्यात शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, किंकाळीचं तर नावच नको.

‘त्या दिवशी एकट्या नारायणरावांचा जीव गेला’

हे कुणी उघड म्हणत नाही, पण प्रत्येक मजकुरात गृहीत असतं. अर्ध्या तासात अकरा माणसं कापली गेली. नारायणरावांसह सात ब्राह्मण, दोन मराठा सेवक आणि दोन कुणबिणी, म्हणजे दासी. एक गायही मारली गेली. चापाजी टिळेकर हा हुजऱ्या धन्याला वाचवायला त्याच्या अंगावर पडला आणि तिथेच मेला. इच्छारामपंत ढेरे मारले गेले. नारायणराव सोडून बाकीच्या दहांपैकी कुणाचंही भूत अडीचशे वर्षांत कुणाला दिसलं नाही. त्या दोन कुणबिणींची तर नावंही कुणी विचारत नाही. पुण्यातली भुतंसुद्धा हुद्दा पाहून निघतात, असं म्हणायचं का?

‘काका मला वाचवा हे त्यांचे शेवटचे शब्द’

इथे थोडं जपून बोलायला हवं. नारायणराव पळत राघोबादादांच्या दालनात गेले, त्यांना मिठी मारून त्यांनी जीवदान मागितलं, मागोमाग आलेल्या सुमेरसिंगानं आणि दादांचा सेवक तुळाजी पवार यानं त्यांना सोडलं नाही, हा गाभा इतिहासात पक्का आहे. तेव्हा तोंडून नेमके कोणते तीन शब्द निघाले हे टिपून घ्यायला तिथे कारकून बसलेला नव्हता. वाक्य लोकांनी घडवलं, नाटकांनी ते पक्कं केलं. भावार्थ खरा आहे, म्हणून त्यावर वाद घालण्यात हशील नाही. पण ‘तेच शब्द आजही ऐकू येतात’ असा पुरावा पुढे केला, की तो उलटा फिरतो. ऐकणाऱ्याला शाळेपासून पाठ असलेलं वाक्यच कानावर येतं, दुसरं काहीच कसं येत नाही?

‘आनंदीबाईनं ध चा मा केला’

राघोबादादांच्या ‘नारायणरावास धरावे’ या हुकमात त्यांची बायको आनंदीबाई हिनं फेरफार करून ‘मारावे’ केलं, ही गोष्ट इंग्रज अधिकारी ग्रँट डफच्या १८२६च्या मराठ्यांच्या इतिहासात येते, म्हणजे खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी. तो मूळ कागद आज कुणालाही दाखवता येत नाही. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून मुख्य दोष ठेवला तो राघोबादादांवर, आणि त्याच मुद्द्यावर ते दादांची चाकरी सोडून गेले. बाईच्या माथी सगळं मारलं की पुतण्याला कैद करायचा हुकूम देणारा काका सोयीस्कर बाजूला होतो. कटात आनंदीबाईंचा हात अजिबात नव्हता असं यातून सिद्ध होत नाही. पण चिठ्ठीची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे.

‘खुनानंतर भीतीनं वाडा ओस पडला’

साफ खोटं. नारायणरावांच्या पश्चात, १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर जन्मलेले सवाई माधवराव पुढे याच वाड्यात वाढले आणि इथूनच त्यांच्या नावानं बारभाईंचा, म्हणजे राघोबादादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांचा, आणि नाना फडणिसांचा कारभार चालला. टिपूविरुद्धच्या १७९० सालच्या तहासाठी इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच वाड्यातल्या दरबारात आला होता. त्या दरबाराचं थॉमस डॅनियलनं रंगवलेलं मोठं चित्र आजही लंडनमध्ये आहे. कोरीव खांब, बैठका, दाटीवाटीनं बसलेले मुत्सद्दी असा भरलेला दरबार त्यात दिसतो. ओस पडलेला वाडा असा नसतो.

ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव वरच्या मजल्यावरून खाली पडले आणि दोन दिवसांनी वारले. तो अपघात होता की आत्महत्या यावर इतिहासकारांत वाद आहे. त्यात भूत घुसवायची गरज कुठल्याच बाजूला पडलेली नाही. राघोबादादांचा मुलगा दुसरा बाजीराव यानं विश्रामबागवाडा बांधला तो १८०७च्या सुमारास. खुनाला तोवर तीस-पस्तीस वर्षं उलटली होती, त्यामुळे ‘पळून जाण्या’चा मेळ बसत नाही.

बाजीरावाबद्दल एक जुनी हकीकत मात्र भुताच्या गोष्टीच्या खूप जवळ जाते. बापानं केलेल्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून त्यानं पुण्याच्या आसपास आंब्याची हजारो झाडं लावली, असं सांगतात. यात किंकाळी नाही, पौर्णिमा नाही. आहे ती खुन्याच्या मुलाची टोचणी. भुताच्या गोष्टीचं मूळ शोधायचंच असेल तर वाड्याच्या तटाआड न शोधता इथे शोधावं.

‘शापामुळे वाडा जळाला, आगीचं कारण कुणालाच कळलं नाही’

२७ फेब्रुवारी १८२८ला आग लागली आणि ती आठवडाभर धुमसत राहिली. ती कशामुळे लागली ते ठरलेलं नाही, हे खरं. पण ठिणगी कुठून पडली हा एक प्रश्न आहे, आणि वाडा इतके दिवस का जळला हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर बांधकामातच आहे.

बाजीराव पहिल्यांनी १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, पाया घातला. दोन वर्षांनी वास्तुशांत झाली तेव्हा खर्च १६,११० रुपये झाला होता. सागवान जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीकडून आला. जोती दगडाची, पण वरचा सगळा डोलारा लाकडी. दोन खांबांत एक खण, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत, त्यावर माती-चुन्याचा थर. शिवाय कोरीव छतं, महिरपी आणि जिने. असा मजल्यावर मजला चढवलेला वाडा पेटला की वरचा मजला खालच्यावर बसतो. मातीच्या थराखाली गाडली गेलेली जाड तुळई ज्वाळा न दिसता आतल्या आत निखाऱ्यासारखी जळत राहते. वरून मारलेलं पाणी मातीत जिरतं, लाकडापर्यंत पोचत नाही. त्यात फेब्रुवारीअखेर. पावसाळा संपून चार महिने झालेले, लाकूड खडखडीत वाळलेलं. मशाली, समया आणि भटारखाने यांच्या काळात हे व्हायचंच.

आणि ही काही पहिली आग नव्हती. १७९१, १८०८, १८१२ आणि १८१३ या सालीही वाड्यात मोठ्या आगी लागून मजलेच्या मजले आणि महाल गेले होते. तेव्हा पेशवे गादीवर होते, माणूसबळ हाताशी होतं. १८२८ साली तिथे तुरुंग, दवाखाना आणि वेड्यांचं इस्पितळ होतं. धन्याचा वाडा वाचवायला जी धावाधाव होते ती अशा जागेसाठी होत नाही.

जाता जाता, ‘इंग्रजांनी तोफा डागून वाडा पाडला’ हेही चूक. पेशवे निघून गेल्यावर १७ नोव्हेंबर १८१७ला इंग्रजांना मिळालेल्या बाळाजीपंत नातूंनी वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढवलं. वाडा त्यानंतर दहा वर्षं उभा होता.

‘भुतामुळे सरकारनं रात्री प्रवेश बंद ठेवला आहे’

१९१९ साली वाडा संरक्षित स्मारक झाला, आतली कोर्टकचेरी हलली आणि पुढच्या काही वर्षांत माती उपसून जोती उघडी केली गेली. आज तो पुरातत्त्व खात्याकडे आहे. देशभरातल्या केंद्रीय संरक्षित स्मारकांना १९५९चे नियम लागू आहेत. ज्या स्मारकासाठी वेगळी वेळ ठरवलेली नाही ते सूर्योदय ते सूर्यास्त उघडं, असा त्यातला सरसकट नियम. ओसाड लेण्यांनाही तो लागू होतो, आणि तिथे कुणाचा काका नसतो. शनिवारवाड्यात तर उघड्या जोत्यांच्या कडा, कोरडे हौद आणि तटावरचे उंच जिने आहेत. अंधारात तिथे लोक सोडले तर पाय मोडतील. उलट दिवस मावळल्यावर याच आवारात ध्वनिप्रकाश कार्यक्रम होत आला आहे आणि तिकिटं काढून लोक तो बघत आले आहेत.

‘या दालनात खून झाला, हा बघा व्हिडिओ’

छताखालचं दालन दाखवलं असेल तर व्हिडिओ तिथेच निकालात निघतो. तट, बुरूज, पाच दरवाजे आणि दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना सोडला तर आत उभा महाल उरलेला नाही. जोती, हौद आणि हिरवळ, एवढंच. खुनाचं दालन १८२८लाच राख झालं. नारायण दरवाज्याची गोष्ट तेवढी वेगळी. दक्षिणेकडच्या या दरवाज्यातून प्रेत बाहेर नेलं म्हणून ते नाव पडलं, ही परंपरा जुनी आहे आणि ती खोडण्याचं कारण नाही.

आवाजाची क्लिप आली असेल तर हेडफोन लावून किंकाळीच्या आधीचे आणि नंतरचे पाच-पाच सेकंद ऐकावेत. शिवाजी रस्त्याची वाहतूक रात्रीही पूर्ण थांबत नाही. किंकाळीच्या क्षणी मागची घरघर एकदम तुटत असेल, तर आवाज वरून चिकटवला आहे. एकाच किंकाळीची लांबी आणि चढ-उतार दोन वेगळ्या क्लिपांत तंतोतंत सारखे निघाले तरी तेच. आणि आवाज खरोखरच तिथला असेल, तर आधी गव्हाणी घुबडाची आठवण ठेवावी. जुन्या भिंतींच्या कपारी त्याला आवडतात. ते घुमत नाही, तर घसा फाडून लांब चिरका आवाज काढतं. पुढच्या वेळी कुणी क्लिप पाठवली तर तिची न कापलेली फाइल, तारीख, वेळ आणि तटाच्या कोणत्या बाजूला उभं राहून ती घेतली, एवढं मागून घ्यावं.