नथ घालता येईल ना?

भाचीच्या नाकाच्या प्लास्टिक सर्जरीला परवा १४ महिने झाले. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, "देवाने दिलेलं नाक आहे" म्हणत दवाखान्यात पाऊल टाकायला तयार नव्हती. देवाने पांढरे केलेले केस ती दर पंधरा दिवसांनी काळे करते, ते मात्र चालतं. तर मावशी म्हणून मी गेले.

बाहेरच्या बाकावर तासभर बसलात की लोकांच्या मनातलं सगळं कानावर पडतं. शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, "आत प्लास्टिक घालतात ना हो? उन्हात वितळलं तर?" हसू नका. सर्जरीच्या नावातला 'प्लास्टिक' हा शब्द मूळचा ग्रीक, अर्थ आकार देणं; बादलीतल्या प्लास्टिकच्या कितीतरी आधीचा. भाचीला लागलेली कूर्चा, म्हणजे लवचिक हाडासारखा भाग, तिच्याच नाकाच्या पडद्यातली होती.

दुखेल का, व्रण राहील का, सुट्टी किती, लोकांना कळेल का. हे सगळेच विचारतात. व्रण दोन नाकपुड्यांमधल्या पट्टीवर आहे, आता मलाही शोधावा लागतो. दुखण्यापेक्षा तोंडाने श्वास घेण्याचा वैताग जास्त. डोळ्यांखाली दहा-बारा दिवस काळंनिळं. पडदा वाकडा होता, तेवढा खर्च विम्यातून मिळाला. आकाराचा आपला आपण.

जे कोणी विचारत नाही, त्यासाठी ही पोस्ट. भूल कोण देणार? डॉक्टरची डिग्री काय? एमएसनंतर एमसीएच किंवा डीएनबी केलेला प्लास्टिक सर्जन आहे का, किंवा या कामाचं वेगळं शिक्षण घेतलेला कान-नाक-घसावाला? मनासारखं झालं नाही तर दुसऱ्या ऑपरेशनचे पैसे कोणाचे? आधी आम्ही एका ठिकाणी गेलो होतो, नाव नको. तिथे डॉक्टरच्या आधी 'पॅकेज' सांगणारी मुलगी भेटली. आजच्या आज आगाऊ भरलेत तर सवलत! साड्यांचा सेल आहे का? डिग्री विचारली तर तिने हातात चकचकीत माहितीपत्रक ठेवलं. आम्ही उठलो.

दुसऱ्या डॉक्टरांनी भाचीच्या मोबाईलमधला फोटो बघून आधी तोच बाजूला ठेवला. हातभर अंतरावरच्या सेल्फीत नाक असतं त्याहून मोठंच दिसतं, म्हणाले. मग हातात आरसा दिला, "तुला काय खटकतं ते बोटाने दाखव." एकेक नाकपुडी दाबून श्वास घ्यायला लावला. तिथे माझा जीव भांड्यात पडला.

तरी सातव्या दिवशी पट्टी निघाली आणि पोरगी ढसाढसा रडली. शेंडा बटाट्यासारखा. सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं हे आम्हाला सांगितलेलं होतं, पण ऐकलेलं आणि आरशात बघितलेलं यात फरक असतो. चष्मा नाकावर टेकवायचा नाही, म्हणून कित्येक दिवस तो टेप लावून कपाळाला चिकटवलेला.

आणि ताई, देवाचं नाक म्हणतेस ना? टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला आपल्या पुण्याजवळच नवं नाक मिळालं होतं, कपाळाची कातडी खाली वळवून. १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात ते चित्रासकट छापून आलं आणि तिथले डॉक्टर त्यावरून शिकले.

आईने, म्हणजे भाचीच्या आजीने, एकच प्रश्न विचारला होता: "नथ घालता येईल ना?" मी तो डॉक्टरांपर्यंत नेला. ते हसले, मग नीट विचार करून म्हणाले, काही महिने थांबा, आणि जड नको.

परवा तिने आजीची नथ घातली. थोडी घट्ट बसते म्हणाली.