ओट्सबद्दलचा आक्षेप मान्य, पण घरचा बार सोडू नका

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण आधी स्वयंपाकघरात जाऊन काही गोष्टी तपासायच्या होत्या. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाला सीलिॲक आहे, म्हणजे गव्हासारख्या धान्यातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते असा आजार. मी घरी करायच्या ओट्स-मधाच्या बारच्या, म्हणजे खायच्या वडीच्या, लेखाला ‘ग्लुटेन-फ्री आणि पौष्टिक’ असं शीर्षक देऊन कृतीत नुसतं ‘ओट्स’ लिहिलं, ही हयगय आहे. एवढा मध घातलेल्या बारला पौष्टिक म्हणणं चुकीचं आहे. तुम्ही केलेल्या बारचा चुरा झाला. आणि घरच्या स्वयंपाकघरात खरं ग्लुटेन-फ्री काही होतच नाही, तेव्हा असल्या कृती देऊच नयेत.

ओट्सबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, आणि मी तुमची माफी मागते. गहू, बार्ली आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) या तिन्हींत ग्लुटेन असतं. ओट्समधलं प्रथिन वेगळं, त्याला ॲव्हेनिन म्हणतात. पण ओट्स बहुतेकदा गव्हा-बार्लीच्या शेजारी पिकतात, त्याच यंत्राने कापले जातात आणि त्याच गिरणीतून बाहेर येतात. त्यामुळे पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ असं स्पष्ट छापलेलं नसेल तर ते ओट्स सीलिॲक असलेल्याने खाऊ नयेत. हे मला माहीत होतं, तरी मी लिहिलं नाही. शिवाय सीलिॲक असलेल्या थोड्या लोकांना शुद्ध ओट्ससुद्धा सोसत नाहीत, म्हणून मुलाला ते द्यायचे की नाही हे त्याच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. त्याच लेखाखाली एकीने ‘भाजल्यावर ग्लुटेन जातं ना?’ असं विचारलं होतं आणि मी त्याकडे कानाडोळा केला होता. नाही जात. भाजा, उकळा, ओव्हनमध्ये ठेवा, ग्लुटेन तिथेच राहतं.

मूळ कृती आज सकाळी बदलली आहे, वर तशी ठळक सूचनाही टाकली आहे.

आता ‘घरी होतच नाही’ हा मुद्दा. तो मला पटत नाही, पण तुमची भीती कुठून येते ते परवा डोळ्यांनी पाहिलं. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसेल तरच पदार्थाला ग्लुटेन-फ्री म्हणता येतं. आपला बारचा एक घाणा साधारण अर्धा किलोचा, म्हणजे मर्यादा १० मिलिग्रॅम. गव्हाच्या एक ग्रॅम पिठात अंदाजे ८० मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. एक ग्रॅम पीठ म्हणजे चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सा, आणि तेवढ्याने मर्यादेच्या आठपट होतं. मूळ कृतीत मी ‘तीळ चाळून घ्या’ असं सहज लिहून गेले होते. माझी पिठाची चाळणी घासून, धुऊन, वाळवून फडताळात ठेवलेली होती. ती काळ्या ताटलीवर धरून जोरात आपटली. जिथे जाळी पत्र्याच्या कडेत दुमडलेली असते तिथून पांढरी भुकटी पडली. थोडीच, पण नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकी. ती कड कितीही घासली तरी साफ होत नाही.

म्हणून घरी हे होतं, पण नेमक्या काही वस्तू वेगळ्या ठेवल्या तरच. चाळणी वेगळी. लाकडी उलथनं आणि लाकडी पाट वेगळे, कारण लाकडाच्या चिरांत पीठ बसतं. स्टीलचं भांडं साबणाने नीट घासलं की चालतं. बार करायच्या दिवशी ओट्यावर कणीक मळलेली नसावी. पिठाचे कण बराच वेळ हवेत तरंगतात आणि मग सगळीकडे बसतात. बदाम, बिया सुट्या घेऊ नका, कारण पिठात बुडवलेलं मापच तिथे फिरलेलं असू शकतं. बंद पाकीट घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. कुरकुरीतपणासाठी तयार सीरियल घालणाऱ्यांनो, त्यात ‘माल्ट’ दिसलं की ते बाजूला ठेवा. माल्ट बहुतेक वेळा बार्लीचं असतं. तुम्ही एका आजारी मुलाच्या आई आहात, हे सगळं तुम्ही रोज करतच असाल. पण माझा लेख वाचून पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांना हे सांगायची जबाबदारी माझी होती.

पौष्टिकतेबद्दल अर्धं मान्य. ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणजे आपोआप ‘पौष्टिक’ असा समज माझ्या शीर्षकामुळे होत होता, तो चुकीचाच आहे. मूळ कृतीत १२ बारना १२० ग्रॅम मध होता. मधात सुमारे ८० टक्के साखर, म्हणजे एका बारमागे ८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मधाची साखर वरून घातलेल्या साखरेतच धरते, आणि मोठ्या माणसाने दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहावं असं सुचवते. मुलासाठी त्याहून कमी. तुमची तक्रार रास्त आहे. अख्ख्या खजुराला मात्र मी मधाच्या पंगतीत बसवणार नाही. गोड तोही आहे, पण त्याची साखर त्या हिशोबात येत नाही आणि सोबत चोथा मिळतो.

नव्या कृतीत ओट्स अजिबात नाहीत. बदाम १०० ग्रॅम, भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया ७५-७५, तीळ ३०, तांदळाचे कुरमुरे ४०, बी काढलेला खजूर १२०, बदामाचं बटर (बदाम वाटून केलेला लगदा) ६० आणि मध फक्त ४० ग्रॅम. मधाची साखर आता बारमागे तीन ग्रॅमच्या आत येते.

चुऱ्याबद्दल मात्र मी माझ्या कृतीच्या बाजूने उभी आहे. तुम्ही लिहिलंत की ताटात थापल्यावर दहा मिनिटांत वड्या पाडल्या. या बारमध्ये धरून ठेवायचं काम चिकट खजूर आणि मध करतात, आणि गरम असताना ते दोन्ही पातळ असतात. खजूर कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून, पाणी निथळून, अगदी गुळगुळीत वाटा. मध आणि बटरबरोबर मंद आचेवर दोन-तीन मिनिटंच परता. भाजलेल्या बिया त्यात मिसळा, बदाम जाडसर कुटून, कारण अख्खा बदाम असला की सुरी तिथेच अडते आणि वडी फुटते. मग वर कागद ठेवून सपाट बुडाच्या वाटीने अंगातला जोर लावून दाबा, कोपरे विशेष. किमान दोन तास फ्रिजमध्ये. त्यानंतरच सुरी, आणि ती ओढायची नाही, वरून सरळ खाली दाबायची.

एक गोष्ट तुमच्यासाठी नाही, बाकीच्यांसाठी. पोट बिघडतं म्हणून कुणी स्वतःहून गहू बंद करणार असेल तर आधी सीलिॲकची तपासणी करून घ्या. आहारात ग्लुटेन चालू असतानाच रक्ततपासणी आणि बायोप्सी भरवशाची ठरते. महिनोन्महिने बंद करून गेलात तर आजार असूनही अहवाल कोरा येऊ शकतो.

तुमच्या मुलाला तीळ किंवा बदाम चालत नसतील तर कळवा. बदामाऐवजी तेवढ्याच वजनाच्या भोपळ्याच्या बिया घेऊन आणि बटरही सूर्यफुलाच्या बियांचं वापरून मी एक घाणा काल केला. तो थोडा मऊ झाला, पण सुटला नाही.