सिंकखाली ठिबकतंय? एम-सील थापण्याआधी हे वाचा

सध्या ग्रुपवर एक सल्ला फिरतोय: ‘सिंकखाली जिथून पाणी ठिबकतंय तिथे एम-सील थापा, नटांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. तरी थांबलं नाही तर खाली भांडं ठेवा, थेंबभर पाण्यानं काही होत नाही.’ प्लंबर वेळेवर मिळत नाही, म्हणून लोक हे करून बघतात. पण यानं बहुतेक वेळा नुकसान वाढतं.

‘जिथून ठिबकतंय तिथे’ हेच मुळात चुकीचं. पाणी पाइपाच्या अंगावरून ओघळत सगळ्यांत खालच्या वळणापाशी येतं आणि तिथून पडतं. गळका सांधा बहुधा वर कुठेतरी असतो. तो शोधायचा तर ट्रॉलीतलं सामान बाहेर काढा, सगळे पाइप कोरड्या फडक्यानं पुसा आणि नळ न सोडता अर्धा तास थांबा. तरी ओल आली तर गळती येणाऱ्या पाण्याची आहे: अँगल कॉक (भिंतीतून सिंकच्या नळाकडे येणारं पाणी बंद करायचा छोटा कॉक), कनेक्शन पाइप (तिथून नळापर्यंतचा पाइप) किंवा फिल्टरची जोडणी. हे पाणी दाबाखाली असतं, म्हणून घरात कुणी नसतानाही गळत राहतं. कोरडंच राहिलं तर बूच लावून सिंक भरा. पाणी साठलेलं असतानाच वेस्ट कपलिंगभोवती (सिंकच्या भोकातल्या जाळीच्या जोडणीभोवती) थेंब जमले तर तिथलं वॉशर गेलंय. बूच काढल्यावरच ठिबकलं तर दोष वेस्ट पाइपात, म्हणजे सांडपाण्याच्या पाइपात, किंवा बॉटल ट्रॅपच्या (त्यावरच्या बाटलीसारख्या भांड्याच्या) नटात. टिश्यू पेपर वरून खाली एकेका सांध्याला टेकवत या. जो पहिल्यांदा भिजवेल तोच गळका. आणि ओट्यावर पाणी सांडलं तरच ओल येत असेल, तर सिंक आणि ग्रॅनाइटमधलं सिलिकॉन उखडलंय. पाइपांना हात लावू नका.

आता एम-सील. ओल्या, तेलकट जागी ते धरत नाही, आणि सिंकखालचा वेस्ट पाइप बहुधा तसाच असतो. शिवाय तो पाइप हलतो, वाकतो. कडक झालेलं एम-सील तिथून सुटतं. नटावर थापलं तर तो नट पुन्हा उघडत नाही. मग साधं वॉशर बदलून भागलं असतं तिथे अख्खी जोडणी कापावी लागते. याची मला खरोखर चीड येते.

टेफ्लॉन टेप आट्यांसाठी असते, उदाहरणार्थ अँगल कॉक भिंतीत बसवताना. कनेक्शन पाइपाच्या नटात किंवा बॉटल ट्रॅपमध्ये पाणी अडवतं ते वॉशर. ते काढून बघा. कडक झालं, चिरलं असेल तर नवं घाला. प्लास्टिकचा नट हातानंच आवळा, पान्यानं तो चिरतो.

राहिला ‘थेंबभर पाण्या’चा मुद्दा. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 4 लिटरांहून जास्त पाणी. प्लायवुड फुगतं, झुरळं येतात, खालच्यांच्या छताला ओल धरते. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार शौचालय, सिंक वगैरेंतून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च त्या सदनिकाधारकाचा असतो, सोसायटीचा नाही.

भांडं ठेवायचंच तर वेस्ट पाइपाच्या गळतीखाली, तेही एका रात्रीपुरतं, आणि तोवर सिंक वापरू नका. गळती येणाऱ्या पाण्याची असेल तर आधी अँगल कॉक बंद करा. तो जाम असेल तर जोर न लावता घराचा मुख्य व्हॉल्व बंद करा. हा कॉक महिन्यातून एकदा फिरवून ठेवला की ऐनवेळी अडकत नाही.