उंदीर वाया जात नाहीत
उंदरांवरचे दाहाचे (इन्फ्लमेशनचे, म्हणजे संसर्गाला शरीर देतं त्या प्रतिक्रियेचे) प्रयोग माणसाला लागू पडत नाहीत, म्हणून ते निरुपयोगी, हे लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. सी३एच/एचईजे जातीचे उंदीर बघा. जिवाणूंच्या आवरणातलं एलपीएस हे विष टोचलं तरी ते तगतात, पण साल्मोनेला या जिवाणूच्या संसर्गाला मात्र चटकन बळी पडतात. कारण १९९८ मध्ये शास्त्रज्ञ ब्रूस बॉयटलर यांच्या गटाला सापडलं: एलपीएस ओळखणाऱ्या टीएलआर४ या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं! धोक्याची वर्दीच पोचली नाही, तर एलपीएस श्वासातून गेल्यावर न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फुफ्फुसाकडे धावणार कशा? माणसातही एलपीएस ओळखण्याचं काम हेच जनुक करतं. बॉयटलर यांना २०११ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. साधा उंदीरही पचवतो तेवढं एलपीएस माणसाला झेपणार नाही, हे मान्य. डोस उंदरावरून ठरवू नये, पण यंत्रणा तिथेच उलगडली.