सातव्या पिढीचा लॅपटॉप

माझ्या लॅपटॉपला काहीही झालेलं नाही. डावी बिजागरी सुटली आहे, त्यामुळे पडद्याला मागून शब्दकोशाचा टेकू द्यावा लागतो, हे खरं. बॅटरी फुगून माऊसपॅड वर उचलायला लागली, तेव्हा बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन ती काढून टाकली. तेव्हापासून प्लग जरा सैल झाला की यंत्र तिथल्या तिथे डोळे मिटतं, हेही खरं. दर खंडेनवमीला त्याची यथासांग पूजा होत आल्यामुळे कळफलकाच्या फटींत हळदकुंकवाचा थर बसला आहे आणि स्पेसबार जोरात दाबला की अजूनही थोडी हळद उडते. एवढं सोडलं तर यंत्र ठणठणीत आहे.

पण यंत्र ठणठणीत आहे की नाही हे आपण ठरवायचं नसतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा सपोर्ट संपणार, हे जगाला आधीच कळलं होतं. मला भाच्याने सांगितलं. तो हिंजवडीत असतो आणि घरी आला की चहाच्या आधी माझ्या लॅपटॉपची नाडी बघतो.

“मामा, हा विंडोज अकरावर जाणार नाही.”

“का? तू म्हणाला होतास ना, ती टीपीएम २.० की काय, ती सुरक्षेची चिप लागते? ती आहे यात.”

“ती आहे. पण इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा लागतो. तुमचा सातव्या पिढीचा.”

२०१७च्या गुढीपाडव्याला मी हा लॅपटॉप घेतला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आठवी पिढी जन्माला आली. सात पिढ्या बसून खातील, एवढीच सोय आपल्याकडे पूर्वापार पाहिली जाते. आठवीला उपाशी ठेवतात हे ऐकून होतो. इथे सातवीच्याच तोंडचा घास काढून घेतला होता. वर्षभर सुरक्षेची अपडेट्स मिळवायची एक वाट आहे, असंही भाचा म्हणाला. म्हणजे निवृत्तीच्या दिवशी साहेबाने कारकुनाला वर्षभराचं एक्स्टेंशन द्यावं, तसं. टेबल तेच, खुर्ची तीच, फक्त सगळे “अजून आहात का?” विचारणार.

मग दसऱ्याचा मुहूर्त धरून टिळक रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो.

“युज काय आहे सर?” विक्रेत्या मुलाने विचारलं.

“मुद्रितशोधन.”

“म्हणजे फोटो एडिटिंग?”

“नाही. ऱ्हस्व-दीर्घ.”

त्याने माझ्याकडे, मग माझ्या चष्म्याकडे पाहिलं आणि मला गेमिंगच्या रांगेतून हलवून कोपऱ्यातल्या स्वस्त रांगेत नेऊन उभं केलं. तिथली यंत्रं मात्र देखणी. इतकी सडपातळ की कडेने पाहिलं तर दिसेनात. डीव्हीडी कुठे घालायची? “सर, आता कोणी देत नाही.” लॅनची वायर? “वायफाय आहे ना.” दोन वर्षांनी रॅम वाढवायची असेल तर? “ती बोर्डवरच सोल्डर केलेली असते, सर. आत्ताच जास्त घ्या.” प्रोजेक्टरची ती निळी, स्क्रूवाली पिन? हा प्रश्न त्याने ऐकलाच नाही. ती पिन म्हणजे व्हीजीए, १९८७ साली आलेलं. तो त्यानंतर बराच उशिरा आला असावा. जुन्या वायरी जोडण्यासाठी त्याने मला एक छोटी चपटी डबी दाखवली. लॅपटॉपमधून काढून घेतलेली सगळी भोकं तिच्यात जमा केली होती आणि ती वेगळी विकत होती.

उजव्या कंट्रोलच्या जागी एआयचं बटण होतं. “हे दाबलं की काहीही विचारा सर.” मी विचारलं, कंट्रोल कुठे गेला? तो म्हणाला, “डावीकडचा आहे ना.”

मी घेतला. १८ टक्के जीएसटीसकट घेतला, आपट्याची पानं ठेवून पूजा केली आणि सौभाग्यवतींनी हळदीची वाटी नव्या यंत्रापासून हातभर लांब ठेवली. आता सगळं सुरळीत होणार होतं.

नवा लॅपटॉप घरात आला की जुना एकटाच जुना होत नाही, घरातलं सगळंच एका रात्रीत जुनं होतं. त्याने पहिला घाव घातला प्रिंटरवर. धडधाकट लेझर प्रिंटर, टोनर भरून घेतलेला. पण त्याला यंत्राशी बोलायला लावणारा ड्रायव्हर जुन्या लॅपटॉपच्या विंडोजसारखाच ३२-बिटचा आणि विंडोज ११ येतं फक्त ६४-बिटमध्ये. दोघांना वायरीने जोडलं तरी ते एकमेकांशी बोलेनात. मग स्कॅनर गेला. मुंजीची डीव्हीडी गेली. मुंजीतला बटू आता हिंजवडीत नोकरीला आहे आणि “क्लाऊडवर टाका ना” म्हणतो. कशातून काढून टाकू, ते सांगत नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. पण फॉन्ट!

आमचा एक छोटा दिवाळी अंक आहे. त्याची वीस-पंचवीस वर्षांची मजकूर-संपत्ती युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच क्रमांक देणारी पद्धत रुळण्याआधीच्या, फॉन्टमध्ये आहे. त्या काळच्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या घरात देवनागरीची चित्रं भाडेकरू म्हणून ठेवली होती. फॉन्ट नसला की भाडेकरू गायब, आणि पडद्यावर डॉलर, टोप्या, चांदण्या नि उलटी प्रश्नचिन्हं. फॉन्टबरोबर एक अंगठ्याएवढं हार्डवेअर लॉक येतं. ते खोचलं नाही तर टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि त्याचाही ड्रायव्हर अर्थातच ३२-बिटचा. नव्या लॅपटॉपला मी ते डबीतून लावून पाहिलं. त्याने “हे उपकरण ओळखता येत नाही” असं सांगितलं.

“कन्व्हर्टर वापरा,” भाचा म्हणाला.

वापरला. जुन्या फॉन्टमध्ये आपण पहिली वेलांटी कागदावर काढतो तशी अक्षराआधी टाईप करायचो. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो, आधी व्यंजन, मग वेलांटी. रफाराचं बरोबर उलटं. या दोन पद्धतींची गाठ कन्व्हर्टरने बांधली आणि मुखपृष्ठावर ‘दविाळी अंक’ उगवला. आत ‘सूयर्’ मावळत होता, ‘पयर्ंत’ कुठपर्यंतच पोचत नव्हतं आणि ‘कविता’ या शब्दाची ‘कवतिा’ झाली होती. चाळीस वर्षं ऱ्हस्व-दीर्घासाठी लोकांची डोकी खाणाऱ्या माणसाला हे बघवेना. एका नव्या कवीला त्याची रूपांतरित कविता तपासायला पाठवली. “उत्तम. काहीही बदलू नका,” असं उत्तर आलं.

तरीही बसून सगळं हाताने सुधारलं आणि प्रेसमध्ये पाठवलं. प्रेसवाल्यांचा फोन आला. “साहेब, हे युनिकोड आहे होय? आमच्याकडे पेजमेकर सात. नुसती प्रश्नचिन्हं येतायत.” पेजमेकर म्हणजे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर. त्याची सातवी आवृत्ती २००१ची आणि तीच शेवटची. हीही सातवी पिढीच. ती विंडोज एक्सपीवर चालते, ज्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. “आपल्याला इंटरनेटच नाही, मग व्हायरस येणार कुठून?” हे त्यांचं सायबर सुरक्षेचं धोरण.

म्हणून पुन्हा जुना लॅपटॉप, मागे शब्दकोश, प्लग हाताने दाबून धरलेला, आणि अंकाचा शेवटचा फर्मा त्यावरच पूर्ण झाला. नव्या यंत्रावर सध्या मी हवामान बघतो.

“अहो, तो जुना आता एक्स्चेंजमध्ये तरी द्या,” घरातून आदेश निघाला. ऑनलाईन किंमत काढली. सुरुवात ९,००० रुपयांनी झाली. बॅटरी आहे का? नाही. बिजागरी? अर्धी. पडद्यावर ओरखडे? प्रत्येक उत्तराला आकडा असा काही घसरत गेला की शेवटी ‘४५० रुपये, पिकअप मोफत’ असं आलं. शेवटचा प्रश्न होता, ‘कळफलकावर डाग आहेत का?’ हळद हा डाग धरायचा का, याला पर्याय नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्रेसवाले स्वतःच घरी आले. त्यांच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळला होता. भर सीझन, आणि त्यांचं हार्डवेअर लॉक नव्या कुठल्याच मशीनवर चालेना.

“साहेब, तुमचा तो सातव्या पिढीचा आहे ना अजून? ३२-बिट?”

“आहे. पण कामात आहे.”

“पाच हजार देतो.”

“त्याला बॅटरी नाही.”

“बॅटरी कशाला? सहा.”

आतून कपबशीचा आवाज थांबला.

“बिजागरीही...”

“साहेब, बिजागरीचं राहू द्या. सात देतो, पण तो शब्दकोश बरोबर द्यायचा.”